वाढदिवसाच्या गाण्याचा सातबारा



माझ्या पंच्याहत्तरीचा एक छोटा व्हिडिओ नातीने तयार केला. आधी जुने फोटो, त्यांच्या मागे एक जुनं हिंदी सिनेमाचं गाणं आणि शेवटी केक कापताना घरातले सगळे टाळ्या वाजवत ‘हॅपी बर्थडे टू यू’ म्हणतायत. तो इंटरनेटवर टाकण्याआधी तिने विचारलं, "आजी, या गाण्यांना कुणाची परवानगी लागते का गं?"

मी म्हटलं, "सिनेमाच्या गाण्याचं ठाऊक नाही, पण वाढदिवसाच्या गाण्याला कसली आलीय परवानगी?"

नंतर वाचायला बसले आणि थक्क झाले. या एवढ्याशा गाण्याला ऐंशी वर्षं मालक होता, आणि तो त्याचे पैसेही घेत होता! शिवाय ही गोष्ट सुरू होते दोन शिक्षिकांपासून. मग मला ती सांगितल्याशिवाय कसं राहवेल?

अमेरिकेत केंटकी राज्यात लुइव्हिल नावाचं गाव आहे. तिथे पॅटी हिल बालवाडी चालवत. त्यांची थोरली बहीण मिल्ड्रेड संगीताची जाणकार. मुलांना सहज म्हणता येतील अशी गाणी दोघींनी मिळून रचली. मिल्ड्रेडने चाल लावायची, पॅटीने शब्द लिहायचे. मुलांचा गळा नीट लागेना तर चाल बदलायची. १८९३ साली शिकागोच्या क्लेटन समी यांनी त्यांचं पुस्तक छापलं. त्यात सकाळी वर्गात एकमेकांना नमस्कार करण्याचं एक गाणं होतं. आज आपण वाढदिवसाला म्हणतो ती चाल त्याच गाण्याची.

वाढदिवसाचे शब्द त्या चालीवर पुढे रुळले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाण्यांच्या पुस्तकांत छापूनही येऊ लागले. मिल्ड्रेड १९१६ साली वारल्या. १९३५ साली समींच्या नावाच्या कंपनीने वाढदिवसाच्या गाण्याची कॉपीराइट दप्तरात नोंद केली. त्या नोंदीवर पुढची सगळी इमारत उभी राहिली. कंपनी या हातातून त्या हातात गेली आणि १९८८ साली वॉर्नर चॅपेल या बड्या संगीत कंपनीने ती विकत घेतली. त्यांच्या हिशेबाने हक्क २०३० सालापर्यंत चालणार होता.

घरी गाणाऱ्याला कुणी अडवत नव्हतं. पण सिनेमात, दूरचित्रवाणीवर, माहितीपटात गाणं घ्यायचं तर पैसे मोजून परवाना घ्यावा लागे. म्हणून कित्येक चित्रपटांत पात्रं वाढदिवसाला भलतंच काहीतरी गाताना दिसायची!

२०१३ साली जेनिफर नेल्सन नावाच्या दिग्दर्शिका याच गाण्यावर माहितीपट करत होत्या. त्यांच्याकडे परवान्याचे १५०० डॉलर मागितले गेले. परवान्याशिवाय वापरलं तर कायद्याने दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई द्यावी लागू शकते. त्यांनी मुकाट्याने पैसे भरले, पण मग कोर्टात गेल्या. त्यांचा प्रश्न अगदी आपल्या तलाठ्याच्या कचेरीत विचारावा असा होता : सातबारा दाखवा, नाव कुणाचं आहे?

जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक रॉबर्ट ब्राउनाइस यांनी जुनी कागदपत्रं तपासून याआधीच या हक्काबद्दल शंका मांडली होती. खटला चालू असताना १९२२ सालचं एक गाण्यांचं पुस्तक सापडलं. त्यात वाढदिवसाचं गाणं छापलेलं होतं, आणि तेही कॉपीराइटच्या सूचनेशिवाय. सप्टेंबर २०१५ मध्ये न्यायाधीश जॉर्ज किंग यांनी निकाल दिला. १९३५ च्या नोंदीने कंपनीला पियानोच्या काही स्वररचनांचा हक्क मिळाला होता. गाण्याच्या शब्दांचा हक्क हिल भगिनींनी तिला दिल्याचा पुरावा नव्हता. म्हणजे शेताचं भाडं इतकी वर्षं घेतलं, आणि उताऱ्यावर नाव होतं फक्त बांधावरच्या झाडांपुरतं! २०१६ साली तडजोड झाली. ज्यांनी परवान्याचे पैसे भरले होते त्यांच्यासाठी १ कोटी ४० लाख डॉलर कंपनीने द्यायचे ठरले आणि गाणं सगळ्यांचं झालं.

म्हणून परवानगी मागूच नये असा अर्थ कुणी काढू नका हं. ज्याने चाल बांधली, शब्द लिहिले त्याला त्याचं मोल मिळायलाच हवं. पण परवानगी मागताना कशाची, कुणाची आणि किती काळाची, हे तीन प्रश्न विचारायला हवेत.

कशाची, कारण एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. चाल आणि शब्द हा एक, आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण हा दुसरा. वाढदिवसाचं गाणं आज मोकळं आहे, पण कुणा गायकाने गायलेली त्याची तबकडी मोकळी असेलच असं नाही. कुणाची, ते हिल भगिनींच्या गोष्टीत आलंच.

आणि काळाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीवरचा ‘आइज ऑन द प्राइझ’ हा १९८७ सालचा गाजलेला माहितीपट आठवतो. त्यातल्या गाण्यांचे आणि चित्रफितींचे परवाने ठरावीक वर्षांचेच घेतलेले होते. ते संपले आणि इतकं मोलाचं काम कित्येक वर्षं दाखवताच येईना. फोर्ड फाउंडेशन आणि इतरांनी पैसे दिले, परवाने नव्याने घेतले, तेव्हा कुठे २००६ साली ते पुन्हा दूरचित्रवाणीवर आलं.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. चाल आणि शब्दांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं आणि ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्धीपासून ६० वर्षं राहतो. आम्ही वर्गात कविता म्हणून घ्यायचो, नाटुकली बसवायचो. शाळेतल्या अशा वापराला हा कायदा सूट देतो. त्यामुळे हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. पण व्हिडिओत गाणं बसवून तो जगापुढे ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे.

हे सगळं नातीला सांगितलं. शेवटचं वाढदिवसाचं गाणं तसंच राहिलं, कारण गाणं मोकळं आणि गळे घरचेच. फोटोंमागचं सिनेमाचं गाणं मात्र तिने काढलं. त्या जागी काय घालायचं? माझी आई जात्यावर म्हणायची त्या ओव्या मी फोनवर म्हणून दिल्या. त्या कुणी रचल्या ते आईलाही ठाऊक नव्हतं. आवाज थोडा कापला माझा, पण नात म्हणाली, राहू दे तसाच.

पॅटीबाईंचं नाव मात्र यापुढे केक कापताना दर वेळी आठवेल. आपणही आठवा.

असो. तुमच्या घरच्या अशा ओव्या असतील तर जरूर कळवा.