पेन्शनीचे गाव : बिठूर, कामशेत, येडशी

मराठीत माणूस निवृत्त होत नाही, तो ‘पेन्शनीत निघतो’. निघतो म्हणजे कुठून तरी बाहेर पडतो, आणि निघाला की कुठे तरी पोचणे त्याला भाग असते. धाराशिव, लातूर, बार्शी या पट्ट्यातील महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये चाळिशी ओलांडलेल्या प्राध्यापकांच्या गप्पा हल्ली या ‘कुठे’पाशी वारंवार येऊन थांबतात. पुणे परवडत नाही, लातूरलाही आता परवडत नाही. मग येडशीसारखे रेल्वे असलेले, मोठ्या रस्त्यावरचे, डोंगराच्या कुशीतले गाव काय वाईट, असे कोणी तरी म्हणतो. विषय तेवढ्यावर संपतो, पण प्रश्न नवा नाही. स्वस्तात म्हातारपण काढता येईल अशी जागा मराठी माणसाने याआधी कुठे आणि कशाच्या आधारावर शोधली, हे पाहण्यासारखे आहे.

आरंभ एका मोठ्या पेन्शनरापासून करावा लागतो. ३ जून १८१८ रोजी दुसरा बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला, तेव्हा त्याचे वय त्रेचाळीस होते, म्हणजे आमच्या वयाचाच. वर्षाला आठ लाख रुपये आणि दक्षिण सोडून काशीला किंवा उत्तरेतील दुसऱ्या एखाद्या तीर्थक्षेत्री वास्तव्य, अशा त्या अटी होत्या. ही रक्कम कलकत्त्याला फार वाटली. अखेर कानपूरजवळचे बिठूर, आपल्या जुन्या लिखाणातले ब्रह्मावर्त, मुक्कामासाठी ठरले. तिथे बाजीराव १८५१ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तेहतीस वर्षे, जगला. सरळ गुणाकार केला तर कंपनी सरकारने या एका माणसावर अडीच कोटींहून अधिक रुपये खर्च केले.

त्याच्या नादानपणाबद्दल मराठी इतिहासलेखनाने पुरेसे लिहिले आहे. बिठूर ही वस्ती म्हणून काय होती, हे मात्र फार कोणी विचारत नाही. बाजीरावामागे मराठी कुटुंबे गंगेकाठी गेली. भट, भिक्षुक, कारकून, आचारी, शागीर्द, त्यांच्या मुलाबाळांच्या मुंजी-लग्ने, सगळे त्या आठ लाखांच्या छायेत चालले होते. अमृतराव पेशव्यांना १८०३ पासून सात लाखांची नेमणूक होती आणि त्यांचे बिऱ्हाड बुंदेलखंडातील कर्वीला होते. दुसरे चिमाजीअप्पा काशीला होते. त्यांच्या आश्रयाला असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी पुढे झाशीची राणी झाली. उत्तरेत अशी पेन्शनीवर जगणारी लहान लहान मराठी गावेच वसली होती. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे कर्जाने गांजून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले, ते याच गावांच्या भरवशावर. ‘माझा प्रवास’ आपण सत्तावनच्या बंडाची हकीकत म्हणून शिकवतो. पण पेन्शनीचा पैसा जिथे खेळतो तिथे गरजू माणूस कसा ओढला जातो, याचीही ती हकीकत आहे. १८५१ मध्ये बाजीराव वारला. दत्तक नानासाहेबांना ती नेमणूक पुढे चालवून मिळाली नाही, आणि बिठूरचा आधारच गेला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

बिठूर बाजीरावाने स्वस्त म्हणून निवडले नव्हते, हे उघड आहे. पण ज्यांना आठ लाख नव्हते, तेही तीर्थक्षेत्रीच का जात? आपण झटकन श्रद्धेचे उत्तर देतो. काशीत मरण आले तर मोक्ष, ही श्रद्धा खरीच होती. पण तिच्या पोटात एक व्यवहारही होता. राजेरजवाड्यांनी, सावकारांनी घातलेली अन्नछत्रे, धर्मशाळा, घाटांवरचे वाडे यांमुळे निराधार म्हाताऱ्या माणसाला काशीत जवळजवळ फुकट जगता येत असे. अहिल्याबाई होळकरांसारख्यांच्या दानधर्माचा हिशेब आपण मंदिरे आणि घाट मोजून करतो. त्याची दुसरी बाजू वार्धक्याची सोय ही आहे. मराठेशाहीत रणात पडलेल्याच्या मुलाबाळांसाठी ‘बालपरवेशी’ असे. वृद्धांसाठी तसा स्वतंत्र शब्द रूढ झाला नाही. ते काम तीर्थक्षेत्रांनी केले.

आणि ते सर्वाधिक बायकांच्या वाट्याला आले. काशी, पंढरपूर, नाशिक येथे जाऊन राहिलेल्या विधवा म्हाताऱ्या झाल्या म्हणून गेल्या नव्हत्या. घराने त्यांना म्हातारे ठरवले म्हणून गेल्या. निवृत्ती हा शब्द पुरुषाच्या नोकरीशी जोडलेला आहे. तिला निवृत्ती नव्हती, निवड तर नव्हतीच.

इंग्रजी अंमलात सरकारी नोकरीबरोबर पेन्शन आली. १८७१ मध्ये तिचा स्वतंत्र कायदाही झाला. सरकारी तिजोरीतून दरमहा ठरलेली रक्कम, मरेपर्यंत! या एका गोष्टीने म्हातारपणाचा नकाशा बदलला. अन्नछत्राची गरज संपली आणि तीर्थाचे महत्त्व उरले ते यात्रेपुरते. राहण्यासाठी मामलेदार, सदरअमीन, हेडमास्तर पुण्याकडे वळले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८९३ मध्ये डेक्कन कॉलेजातून निवृत्त झाले आणि पुढे संगमाजवळच्या आपल्या बंगल्यात १९२५ पर्यंत राहिले. पुण्यात ग्रंथ होते, वैद्य होते, वाद घालायला माणसे होती. नदीपलीकडची, एरंडवण्याच्या बाजूची जमीन तेव्हा शहराबाहेरची आणि म्हणून आवाक्यातली होती. पेन्शनरांनी ती घेतली, बंगले बांधले, पुढच्या पिढीने ते विकासकांना दिले, आणि पेन्शनरांचे म्हणून ओळखले गेलेले शहर पेन्शनरालाच परवडेनासे झाले. पुणे महाग करण्यात पेन्शनरांचा वाटा लहान नाही, हे पुणेकरांना आवडणार नाही. पण तसे आहे.

या सगळ्यांत आम्हांला सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचे वाटते. रत्नागिरी जिल्ह्यातला जन्म, १८८९ पासून बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी नोकरी, आणि १९२५ मध्ये साठाव्या वर्षी निवृत्ती. त्यांना कोकणात परतता आले असते. बडोद्यास राहता आले असते. मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक म्हणून पुण्यात राहणे तर सर्वांत स्वाभाविक होते. ते राहिले मावळातल्या कामशेतला, मुंबई–पुणे लोहमार्गावरच्या एका लहानशा गावी. आणि १९५९ मध्ये तिथेच गेले. चौतीस वर्षे! मुले अकाली गेली होती, तेव्हा मुलाकडे जाऊन राहण्याचा प्रश्नही उरला नव्हता.

कामशेतची जागा शहरापेक्षा स्वस्त असणारच. पण रियासतकारांच्या निवडीचे मर्म स्वस्ताईत नव्हते, ते रेल्वेत आणि टपालात होते. १९२९ नंतर पेशवे दप्तराच्या निवडीचे काम त्यांच्याकडे आले आणि १९३० ते १९३४ या काळात त्याचे पंचेचाळीस खंड निघाले, ते पुणे गाडीच्या टप्प्यात होते म्हणून. सर जदुनाथ सरकारांशी त्यांचा जन्मभर पत्रव्यवहार चालला; जदुनाथ कामशेतला येऊन राहतही. मराठ्यांच्या इतिहासाचे तीन इंग्रजी खंड १९४६ ते १९४८ मध्ये बाहेर पडले, तेव्हा लेखक ऐंशीच्या पलीकडे होता. पुण्यातल्या इतिहासकारांच्या भांडणांपासून थोडे दूर, पण पुण्यातल्या कागदांपासून फार दूर नाही, असे ते अंतर होते. गाव लहान चालते. गावाला जोडणारी दोरी तुटता कामा नये. बिठूरला ती दोरी कलकत्त्याच्या हातात होती. कामशेतला ती लोहमार्गाची होती.

आमच्या मराठवाड्याकडे वळले की हा सगळा इतिहास अर्धशतकाने मागे सरकतो. येडशी निजामाच्या मुलखात, तर शेजारची बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. तिच्यामुळे येडशीला स्टेशन मिळाले. ही अडीच फुटी गाडी लातूरच्या बाजारपेठेतला माल काढण्यासाठी होती. तिने कोणी पेन्शनर येडशीला आणला नाही, कारण या भागात मराठी पेन्शनरच विरळा. राज्यकारभाराची आणि शिक्षणाची भाषा उर्दू, शाळा मोजक्या, नोकऱ्या त्याहून मोजक्या. १९४७–४८ मध्ये रझाकारांच्या काळात या सीमेवरून माणसे बार्शीकडे गेली ती जीव वाचवायला किंवा सीमेवरच्या कॅम्पांतून लढायला. पुढे स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान-पेन्शनीची योजना १९७२ मध्ये आली आणि हैदराबाद मुक्तिलढ्यातील कॅम्पांनाही नंतर तिच्यात स्थान मिळाले. मराठवाड्यातल्या कित्येक खेड्यांत पोस्टमनने आणलेली पहिली पेन्शन ही अशी नोकरीची नव्हे, लढ्याची होती.

नोकरीची पेन्शन आली ती १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यानंतर नेमलेल्या गुरुजींबरोबर. ते ऐंशी-नव्वदच्या दशकांत पेन्शनीत निघू लागले. त्यांनी काय केले? आपले खेडे सोडून ते तालुक्याला आले, तालुक्याचे लातूरला गेले. मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला लातूरचा प्लॉट हेच त्यांचे पेन्शनीचे गाव झाले. गाव सोडणे हीच त्यांची प्रगती होती, आणि तिला नावे ठेवण्याचा अधिकार त्यांच्याच पगारावर शिकलेल्या आम्हांला नाही. मराठी नाटकानेही वृद्धांचा प्रश्न मांडला तो घराच्या चौकटीत. ‘नटसम्राट’ आणि ‘संध्याछाया’ या दोन्हींत कोणाच्या घरात राहायचे, किंवा घरात कोण उरले, हा पेच आहे. कोणत्या गावात राहायचे, हा नाही.

आता तो प्रश्न उभा राहतो आहे, त्याचे कारण पेन्शनच हलली आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्रात शासकीय व अनुदानित सेवेत आलेल्यांना सर्वसाधारणपणे जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नाही. तिच्यासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला आणि त्यानंतर सरकारने नवे पर्याय पुढे केले. तपशील काहीही असोत, बाजीरावाला तेहतीस वर्षे आणि रियासतकारांना चौतीस वर्षे जे निर्वेधपणे मिळाले, ते आमच्या पिढीने गृहीत धरू नये, एवढे स्पष्ट आहे. म्हणून येडशीचे नाव निघते. पूर्वी पेन्शन माणसाला खेड्यातून शहरात नेत होती. तिची शाश्वती गेली की तो उलट वाटेने चालू लागेल.

येडशीत काय आहे? बालाघाटाचा डोंगर आहे, रामलिंगाचे देवस्थान आणि पावसाळ्यातला धबधबा आहे. रावणाशी लढून घायाळ झालेला वृद्ध जटायू इथे पडला आणि रामाने त्याचे अंत्यसंस्कार इथेच केले, अशी स्थानिक कथा आहे. मागे कोणी नसलेल्या म्हाताऱ्याला परक्याच्या मुलाने अग्नी दिला, ही गोष्ट या विषयात उगाच आठवत नाही. भोवतीचे जंगल १९९७ पासून अभयारण्य आहे, म्हणजे वानप्रस्थाला कायद्याने बंदी. मोठ्या रस्त्याचे तर गाव नाकेच आहे : सोलापूर–धुळे महामार्गाला लातूर–बार्शी रस्ता इथे मिळतो. रुंद झालेला लोहमार्ग आहे. अलीकडच्या काळात स्वतःच्या मर्जीने, दूरवर पाहणी करत येऊन येडशीत राहिलेला सर्वांत प्रसिद्ध रहिवासी म्हणजे यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालून आलेला वाघ; डिसेंबर २०२४ मध्ये तो येथील कॅमेऱ्यात दिसला.

माणसाचे मात्र त्याच्याइतके सोपे नाही. साठीनंतर दोरी कशाची, तर दवाखान्याची आणि पाण्याची. कर्करोगासाठी बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे रुग्णालय आहे आणि धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर वीस-तीस किलोमीटर हे अंतर नकाशावरच्यापेक्षा मोठे होते. पाण्याचे काय सांगावे? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरसाठी पाण्याची रेल्वे सुटली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर पाणी घेऊन ती कुर्डुवाडीवरून, कॅल्थ्रॉपच्या जुन्या मार्गाची जागा घेतलेल्या या लोहमार्गाने, लातूरला गेली. एके काळी जो मार्ग या प्रदेशातला माल बाहेर नेण्यासाठी टाकला, त्याच्यावरून या प्रदेशाला पिण्याचे पाणी आत आणावे लागले. ज्या गावात जागा स्वस्त असते तिथे ती का स्वस्त आहे, याचे उत्तर बहुधा उन्हाळ्यात मिळते.

आणि येडशीत म्हातारे होण्यासाठी बाहेरून कोणी येण्याची वाट गाव पाहत बसलेले नाही. तिथे म्हातारी माणसे आहेतच. ती कोणत्याच नोकरीतून निघालेली नाहीत. शेतात, दुसऱ्याच्या बांधावर, उसाच्या फडात राबून थकलेली आहेत. त्यांच्यापैकी पात्र ठरलेल्यांना सरकार जे देते त्या योजनेच्या नावात ‘राज्य निवृत्तिवेतन’ हेच शब्द आहेत, आणि त्यांच्या आधी श्रावणबाळाचे नाव आहे. आंधळ्या आईबापांना कावडीत घालून काशीयात्रेला निघालेल्या त्या मुलाचे. रक्कम २०२३ पासून दरमहा १५०० रुपये आहे. पूर्वी ती हजार होती.