अंगठ्याचे तीस टक्के

अंगठा मुळापासून गेला तर तीस टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर चौदा, मधलं बोट बारा, अनामिका किंवा करंगळी सात. एका हाताची चारही बोटं गेली तर पन्नास. दोन्ही हात गेले तर शंभर. रोह्यात एका वकिलांकडे कारकुनी करण्यात माझी उभी नोकरी गेली आणि कामगार नुकसानभरपाई कायद्याचं हे परिशिष्ट पाढ्यासारखं पाठ झालं. मी मूळचा पेणचा. रोज सकाळी एसटीने रोह्याला यायचं, टाइपरायटरवरचं झाकण काढायचं आणि धाटावच्या कारखान्यांतून कोण येतंय त्याची वाट बघायची. हाताला पांढरं फडकं गुंडाळलेला माणूस आला की बरोबरचा मेहुणा नाहीतर शेजारी आधी विचारायचा, “भाऊ, किती टक्के लागतील?” दुखतंय किती, हे त्यांना विचारावं लागत नसे. ते दिसत होतं.

हे टक्के नेहमी असेच नव्हते. १९२३ चा मूळ कायदा काढून बघा. त्यात उजवा हात कोपरापासून किंवा त्याच्या वर गेला तर सत्तर आणि डावा गेला तर साठ. म्हणजे डावखुऱ्या माणसाचा चांगला हात सरकारदरबारी दहा टक्क्यांनी स्वस्त! अंगठ्याला तेव्हा पंचवीसच होते. पूर्ण कायमच्या अपंगत्वाला ४२ महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यातली लहान रक्कम. आणि अंगठ्याला त्याचे पंचवीस टक्के. महिना तीस रुपये कमावणाऱ्या गड्याच्या अंगठ्याचे म्हणून ३१५ रुपये होत. शिवाय दहा दिवसांच्या आत माणूस पुन्हा कामाला लागला तर एक पैसाही नाही. आता ही मुदत तीन दिवसांवर आली आहे.

आमचे साहेब म्हणायचे, हा कायदा विलायती. ते खरंच आहे. जर्मनीत १८८४ साली कामगारांचा अपघात विमा आला, इंग्लंडात १८९७ साली भरपाईचा कायदा झाला, आणि त्या इंग्रजी कायद्याची पुढची आवृत्ती आपल्याकडे आली. पण जखम बघून दर ठरवायची रीत या मुलखात त्याहून जुनी. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत प्रतापगडच्या लढाईनंतरची नोंद आहे. जखमींना जखम पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन दिले. लढाईत पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं आणि ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना अर्धं वेतन लावून दिलं. पेशवाईच्या कागदांत बालपरवेशी, म्हणजे पडलेल्या शिपायाच्या पोरांच्या पोषणाची नेमणूक येते, तीही याच वळणाची. हे मी साहेबांना एकदा ऐकवलं, तेव्हा ते हसून म्हणाले, “तिथे साक्षीदार लागत नव्हता ना!” जखमी माणूस छावणीत सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पडलेला असे. तो शिपाई होता की नव्हता, असा वाद कोण घालणार? माझ्या आयुष्यातले निम्मे कागद मात्र याच एका वादावर खर्ची पडले.

१९२३ च्या कायद्याशी आमच्या जिल्ह्याचं एक नातं आहे आणि ते इथल्या फार थोड्यांना माहीत असतं. नारायण मल्हार जोशी, ज्यांना मुंबईचे कामगार ना. म. जोशी म्हणून ओळखतात, ते माणगाव तालुक्यातल्या गोरेगावचे. जन्म ५ जून १८७९. १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, १९१९ साली वॉशिंग्टनला पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले, १९२० च्या आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेत होते, आणि १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या बाजूने बसले. भरपाईचा कायदा झाला तेव्हा ते त्या सभागृहात होते. पुढे १९२९ साली कामगारांच्या स्थितीवर नेमलेल्या व्हिटले कमिशनवरही होते. लोअर परळच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. आपल्याच जिल्ह्यातला हा माणूस, पण आमच्याकडे त्याचं नाव निघतं ते कुणी मुंबईचा पत्ता सांगताना.

१ जुलै १९२४ ला कायदा लागू झाला तेव्हा इथून जवळच मुळशीचं धरण आणि भिऱ्याचं वीजघर बांधलं जात होतं. १९२७ साली वीज सुरू झाली. भिऱ्याहून सुटलेलं पाणी कुंडलिकेतून कोलाड, धाटाव, रोह्याकडे येतं. पण आमचा जिल्हा, तेव्हाचा कोलाबा, म्हणजे भात, मीठ आणि मासळी. कायद्यात कारखाना होता, खाण होती, रेल्वे आणि गोदी होती. भाताच्या खाचरात विळ्याने हात कापून घेणारा शेतमजूर नव्हता. धरमतरहून बोटीने मुंबईला जाऊन गिरणीत लागलेल्या माणसाचा हात साच्यात सापडला तर कायदा त्याचा. तोच माणूस गणपतीला गावी आला, खारबंदिस्तीच्या बांधावर दगड पायावर पडला, तर त्याला कायदा नाही. तेव्हा त्याची लावणी सावडीने होई. आज तुझ्याकडे आम्ही, उद्या आमच्याकडे तू. ज्याचा पायच मोडलाय तो उद्या येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असायचं, तरी पहिल्या हंगामात कुणी हिशेब काढत नसे. दुसऱ्या हंगामात काढत. उगाच गावाचं कौतुक कशाला करा?

पेणच्या बाजूला मिठागरं होती, म्हणून एका निकालाची नक्कल मी जपून ठेवली होती. खटला सौराष्ट्रातला. पोरबंदरजवळच्या मिठागरातले मजूर कामावरून परतताना खाडी ओलांडायला होडीत बसले. १२ जून १९५२ ला होडी उलटली, काही मजूर बुडाले. भरपाईचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५८ साली फेटाळला गेला. होडी सार्वजनिक होती. तीत बसलेला मजूर इतर उतारूंसारखाच एक उतारू, त्या वेळी तो कामावर नव्हता. मग १९६३ साली मुंबईच्या बेस्टच्या ड्रायव्हरचा निकाल उलट लागला. जोगेश्वरी डेपोत पाळी संपवून तो बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी निघाला होता, वाटेत अपघातात गेला. न्यायालय म्हणालं, बसने मोफत जाण्याची सोय ही त्याच्या नोकरीचाच भाग होती, भरपाई द्या. मिठागराच्या मजुराला खाडी चुकवायची तर सहा-सात मैलांची वाट तुडवावी लागे, तरी होडी मालकाची नाही म्हणून त्याचं काम किनाऱ्यावरच संपलं. कायद्याने हा निकाल बरोबर असेलही. मला तो कधीच पटला नाही.

धाटावला एमआयडीसी आली आणि सत्तरच्या दशकापासून रासायनिक कारखाने उभे राहत गेले. भाताच्या गावांतली पोरं रिअॅक्टर, सेंट्रिफ्यूज, फिल्टर प्रेस अशी नावं बोलू लागली. कायम कामगार थोडे आणि ठेकेदाराचे जास्त. कायद्याच्या बाराव्या कलमात मूळ मालकावरही जबाबदारी होती: काम ठेकेदारामार्फत करून घेतलं तरी भरपाई मूळ मालकाकडून मागता येई. हे कलम आहे म्हणून आमची चूल पेटली, असं साहेब गमतीने म्हणायचे. पण ते कलम चालवायचं तर आधी दाखवावं लागे की हा माणूस त्या दिवशी त्या गेटच्या आत होता.

एक प्रकरण सांगतो. पोरगा तिशीचा, उजव्या हाताचा अंगठा मशीनमध्ये गेलेला. ठेकेदार म्हणाला, मी याला ओळखत नाही. मस्टरवर नाव नाही, गेटपास गायब. गावकी बसली आणि दोन रात्रींत वर्गणी उभी राहिली. भिशीचा नंबर दुसऱ्याचा होता, तो त्याने सोडला. मुंबईच्या मंडळाने पाकीट पाठवलं. भावकीने बायकोला महिनाभर चूल पेटवू दिली नाही. एवढं सगळं झालं. पण त्याच्या शेजारी उभं राहून काम करणारे गावातले पाच जण होते, त्यातला एकही साक्षीला तयार होईना. त्यांचाही गेट तोच, ठेकेदारही तोच. त्यातल्या एकाने वर्गणीत सर्वांत मोठी रक्कम घातली होती, हे मला नंतर कळलं. मी त्याला दोष देत नाही. पैशाने मदत केली तर फक्त खिसा हलका होतो. साक्ष दिली की दुसऱ्या दिवशी कामावर घेतील की नाही, हा प्रश्न येतो.

शेवटी उपयोगी पडली गेटसमोरच्या टपरीवाल्या काकूंची उधारीची वही. तारीखवार चहा, वडापाव आणि पुढे पोराचं नाव. कधी “रात्रपाळी” असा शेराही. नुसत्या वहीवर दावा उभा राहत नाही, पण ती पाहिल्यावर त्या पाचांतला एक म्हातारा मुकादम पुढे आला. म्हणाला, “काकू बाई असून उभ्या राहतात, मग मी काय झोपून राहू?” साक्ष झाली. ठेकेदाराने मध्ये स्टँपपेपरवर “सर्व रक्कम पोचली” असं लिहून घेतलं होतं. तडजोड आयुक्तांकडे नोंदवलेली नव्हती, आणि कायद्याने दिलेला हक्क खाजगी कराराने सोडता येत नाही, म्हणून तो कागद टिकला नाही.

त्या निकालाच्या रकमेचं गणित मी नंतर कितीतरी जणांना मांडून दाखवलं. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८. पगाराच्या साठ टक्के गुणिले हा गुणक, आणि त्याचे तीस टक्के. पण पगार कितीही असला तरी हिशेबात धरायची मर्यादा सरकार ठरवतं. ४,००० ची मर्यादा होती तेव्हा त्या अंगठ्याचे जेमतेम दीड लाख होत. ३१ मे २०१० ला मर्यादा ८,००० झाली, तेव्हा सुमारे तीन लाख. ३ जानेवारी २०२० पासून १५,०००, म्हणजे ५,६१,५४६ रुपये. अपघाताची तारीख चार दिवस अलीकडे-पलीकडे झाली तरी रक्कम जवळपास दुप्पट होते. एका महिन्यात पैसे भरले नाहीत तर बारा टक्के व्याज आणि वर पन्नास टक्क्यांपर्यंत दंड, हे कलम मात्र मालकांना चांगलं ठाऊक असतं.

टक्क्यांच्या पलीकडचं एक दार सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या अखेरीस उघडलं. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं, परिशिष्टाप्रमाणे द्यायचं ते द्या. चार न्यायमूर्ती म्हणाले, एका हाताने सुतारकाम होत नाही; याचं शंभर टक्के गेलं. पेणला घरी परतताना हमरापूर, जोहे या बाजूच्या गणपतीच्या कारखान्यांचा विचार मनात यायचा. मूर्तीचे डोळे लिहिणाऱ्या माणसाचा अंगठा गेला तर त्याचे तीस टक्के कसे? पण तिथे मालक बहुतेक वेळा स्वतःच कारागीर, हंगामी पोरं नात्यातली किंवा गावातली, मस्टर कुठलं आणि पगाराची पावती कुठली! त्या बाजूचा एकही अर्ज माझ्या टाइपरायटरवर आला नाही.

गेटच्या आतल्या माणसाला उशिरा का होईना, कायदा होता. बाहेरच्याचं काय, हा प्रश्न भोपाळने देशाला विचारला आणि आम्हाला नागोठण्याने. नागोठणे रोहा तालुक्यातलं. ५ नोव्हेंबर १९९० ला तिथल्या गॅस क्रॅकर संकुलात वायुगळतीनंतर स्फोट झाला, तीसहून अधिक माणसं गेली. कोकण रेल्वेची पायाभरणी रोह्यात १५ सप्टेंबरला झाली होती, तिला अजून दोन महिनेही झाले नव्हते. गावोगाव अजून रेल्वेच्याच गप्पा चालू होत्या. घातक रसायनांच्या अपघातात कामगार नसलेल्या माणसालाही, चूक कुणाची हे सिद्ध न करता तातडीची मदत देणारा सार्वजनिक दायित्व विमा कायदा स्फोटानंतर अडीच महिन्यांनी, जानेवारी १९९१ मध्ये झाला. त्यात तेव्हा मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला २५,००० रुपये होते, इस्पितळाच्या खर्चाला साडेबारा हजारांपर्यंत. अर्ज कलेक्टरकडे.

जो यातल्या कशातच बसत नाही त्याला आम्ही तहसीलला पाठवायचो. संजय गांधी निराधार योजना १९८० साली बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. तेही याच जिल्ह्यातले, आंबेतचे. २०२३ साली तिची रक्कम महिना १,५०० झाली. शेतकऱ्यांसाठी २००५ पासून अपघात विमा आला, पुढे त्याला गोपीनाथ मुंडेंचं नाव दिलं गेलं: मृत्यू किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक गेला तर एक. म्हणजे १९२४ साली वगळलेला बांधावरचा माणूस ऐंशी वर्षांनी यादीत आला. मात्र सातबाऱ्यावर त्याच्या कुटुंबाचं नाव हवं. दुसऱ्याच्या शेतात राबणारा या योजनेच्या अजूनही बाहेरच.

२०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याचा निकाल दिला. २००३ साली तो पहाटेच्या पाळीला मोटरसायकलवर निघाला आणि कारखान्याच्या अलीकडे पाच किलोमीटरवर गेला. भरपाई मंजूर झाली. मग २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आणि घर ते कामाची जागा या वाटेवरचा अपघात, कामाशी संबंध दाखवता आला तर, कामावरचाच धरायचं लेखी ठरलं. खाडीतल्या त्या होडीला हे त्र्याहत्तर वर्षं उशिरा मिळालं. अंगठ्याचे टक्के तीसच राहिले.

मी आता पेणलाच असतो. तरीही कुणी ना कुणी दारात येतं, आणि आता वडखळ, कोलाडच्या महामार्गावर दुचाकीवरून पडलेले पाळीवाले जास्त असतात. मी टक्के शेवटी सांगतो. आधी विचारतो, पगार बँकेत जमा होतो की हातात मिळतो? पास कुठे आहे? त्या दिवशी पाळीला तुझ्याबरोबर कोण होतं, आणि तो अजून त्याच ठेकेदाराकडे आहे का?