ओस्लोची एक आई

वैद्यकाच्या इतिहासाचीं पुस्तकें चाळूं लागलें म्हणजे शोध लावणारांचीं नांवें पानोपानीं भेटतात. शोध लावावयास ज्यांनीं भाग पाडलें, त्यांचीं नांवें मात्र क्वचितच आढळतात. आज ज्या बाईंची हकीकत मी सांगणार आहें त्या डॉक्टर नव्हत्या, शास्त्रज्ञही नव्हत्या. नॉर्वे देशांतील एका दंतवैद्याच्या त्या पत्नी. नांव बोर्ग्नी एगेलंड. आपल्या दोन मुलांसाठीं त्यांनीं वर्षानुवर्षें जो शोध चालविला, त्याचें फळ पुढें जगांतील हजारों मुलांना मिळालें. त्यांच्या स्वतःच्या मुलांना मात्र तें मिळालें नाहीं.

थोरली मुलगी लिव्ह १९२७ सालीं जन्मली. जन्मतः तिच्यांत कांहींही व्यंग दिसत नव्हतें. परंतु ज्या वयांत मुलांनीं जें करावयाचें तें तिच्याकडून होईना. पाऊल उशिरां पडलें, तेंही अडखळत. बोलणें थोड्याशा शब्दांपलीकडे गेलें नाहीं. १९३० सालीं दाग हा मुलगा झाला. त्याची अवस्था बहिणीहूनही बिकट. चौथ्या वर्षींही त्याला चालतां येत नव्हतें, बोलतां येत नव्हतें, आपल्या हातानें जेवतां येत नव्हतें, आणि त्याची नजर एका जागीं ठरत नव्हती.

अशा वेळीं आईबाप काय करतात हें श्रोत्यांना सांगावयास नको. या डॉक्टरांकडून त्या डॉक्टरांकडे, या औषधाकडून त्या औषधाकडे असा फेरा सुरू झाला. बोर्ग्नीबाई डॉक्टरांना आणखी एक गोष्ट विचारीत. दोन्ही मुलांच्या लघवीला एक विलक्षण कुबट वास येई. या वासाचा आणि मुलांच्या बुद्धीचा कांहीं संबंध असेल काय? डॉक्टर मंडळी हा प्रश्न ऐकून सोडून देत. रोगाच्या कोणत्याच व्याख्येंत हें लक्षण बसत नव्हतें, एवढें त्यांच्या बाजूनें म्हटलें पाहिजे. परंतु बाळोतीं धुणाऱ्या हातांना जें रोज कळतें, तें तपासणीच्या खोलींत घटकाभर मूल पाहणाऱ्यास कसें कळावें?

१९३४ सालीं हें जोडपें डॉ. आस्ब्यर्न फोलिंग यांच्याकडे आलें. हा योग मोठा भाग्याचा. फोलिंग आधीं रसायनशास्त्र शिकले होते आणि मग वैद्यक. असे दुहेरी विद्वान त्या काळीं थोडेच होते. त्यांनीं मुलांना तपासलें, लघवींत साखर किंवा पू आहे काय तें पाहिलें. कांहीं सांपडलें नाहीं. शेवटीं मधुमेह्यांच्या लघवीसाठीं करतात ती एक जुनी परीक्षा त्यांनीं केली. लघवींत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकावयाचे; मधुमेह बळावलेला असेल तर तांबूस रंग येतो, एरवीं पिवळट राहतो. या लघवीला आला तो गडद हिरवा रंग, आणि कांहीं मिनिटांनीं तो विरून गेला. असा रंग कोणत्याही पुस्तकांत नव्हता.

कांहीं औषधांमुळेंही अशा परीक्षेंत भलताच रंग उठतो. म्हणून फोलिंग यांनीं मुलांचीं सर्व औषधें बंद करावयास सांगितलें. हिरवा रंग कायम राहिला. मग तो कोणत्या द्रव्याचा, हें शोधणें आलें, आणि तें द्रव्य वेगळें काढावयाचें तर लघवी पुष्कळ हवी. बाईंनीं एकंदर वीस लिटरांहून अधिक लघवी जमवून पोंचती केली. ज्या मुलाला सांगून कांहीं कळत नाहीं त्याची लघवी रोज बाटलींत धरणें म्हणजे काय काम असेल, याची कल्पना घरांत मुलें असलेल्यांनींच करावी. शोधाच्या वर्णनांत हें काम एका ओळींत उरकतें.

त्यांतून फोलिंग यांनीं स्फटिक मिळविले. शुद्ध स्फटिक एका ठराविक उष्णतामानालाच वितळतो, आणि त्यांत दुसरें द्रव्य मिसळलें कीं त्याहून कमी उष्णतेला वितळूं लागतो. फोलिंग यांनीं आपल्या स्फटिकांत ओळखीचें फेनिलपायरुविक ॲसिड मिसळून पाहिलें. वितळण्याचा बिंदु ढळला नाहीं. अर्थात् दोन्ही द्रव्यें एकच. मग त्यांनीं मतिमंदांच्या संस्थांमधील ४३० जणांची लघवी तपासली आणि आणखी आठ जण त्यांना आढळले. त्याच वर्षीं त्यांनीं आपला निबंध एका जर्मन नियतकालिकांत प्रसिद्ध केला.

या रोगाला पुढें फेनिलकीटोनुरिया असें नांव पडलें. दूध, मांस, डाळी, गहूं यांतील प्रथिनांत फेनिलॲलनिन नांवाचा एक घटक असतो. निरोगी शरीरांत यकृतांतील एक एन्झाइम त्याचें रूपांतर करून टाकतें. या मुलांत तें एन्झाइम जन्मतःच निकामी असतें. म्हणून तो घटक रक्तांत सांचत जातो, आणि वाढत्या मेंदूला हळूहळू नासवतो. त्याचा थोडा भाग वेगळ्या रूपानें लघवीवाटे जातो, आणि तोच तो वास. रोगाचें बीज आई व बाप या दोघांकडूनही यावें लागतें, आणि दोघेही स्वतः धडधाकट असतात. बाईंचा प्रश्न अक्षरशः खरा होता.

पण कारण कळलें म्हणजे उपाय सांपडला असें नव्हे. दागला बालपणींच मृत्यु आला. लिव्ह जगली, परंतु तिचा मेंदु परत आला नाहीं. याच सुमारास दुसरी एक माता असेंच हिंडत होती, आणि तिचें नांव आपल्या वाचकांनाही ठाऊक आहे. चीनच्या शेतकऱ्यांवर कादंबऱ्या लिहून १९३८ सालीं नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पर्ल बक यांची कन्या कॅरोल १९२० सालीं जन्मली, आणि तिलाही हाच रोग होता. त्यांनीं मुलीला अमेरिकेंत नेऊन नामांकित डॉक्टरांना दाखविलें. त्यांपैकीं एकानें, ही मुलगी कधींही सुधारणार नाहीं, हें सत्य स्पष्ट सांगितलें, म्हणून त्यांनीं त्याचे उपकारच मानले. रोगाचें नांव त्या वेळीं कोणालाच ठाऊक नव्हतें. तेथें कीर्ति आणि द्रव्य काय करणार?

आतां इंग्लंडांतील बर्मिंगहॅमकडे वळूं. तेथील मुलांच्या इस्पितळांत होर्स्ट बिकेल हे जर्मन डॉक्टर काम करीत. शीला नांवाच्या एका मुलीला हा रोग असल्याचें त्यांनीं ओळखलें. निदान बरोबर केलें याचें डॉक्टरांना समाधान. आईला मात्र त्याचें सोयरसुतक नव्हतें. ती रोज सकाळीं प्रयोगशाळेच्या दाराशीं उभी राही आणि विचारी, औषध केव्हां काढणार? बिकेल यांनींच ही आठवण पुढें सांगितली आहे. अखेर जॉन गेरार्ड व एव्हलिन हिकमन्स यांच्यासह ते कामाला लागले. लंडनच्या लुई वूल्फ यांच्या सूचनेवरून त्यांनीं दुधांतील प्रथिनाचें विघटन करून तें द्रावण विशेष कोळशांतून गाळलें, आणि त्यांतला फेनिलॲलनिन काढून टाकला. तें मिश्रण शीलाला सुरू झालें तेव्हां ती दोन वर्षांची होती. तिला उभें राहतां येत नव्हतें, ती सारखी रडे, कण्हे आणि डोकें आपटी. आरंभीं तिचें वजन घटलें, कारण थोडा फेनिलॲलनिन शरीराला हवाच असतो; म्हणून थोडें दूध द्यावें लागलें. मग कांहीं महिन्यांत ती रांगूं लागली, खुर्चीवर चढूं लागली, तिचे डोळे चमकूं लागले, केस काळसर झाले, आणि डोकें आपटणें थांबलें.

हा गुण मिश्रणाचाच कशावरून? हें पडताळण्यासाठीं डॉक्टरांनीं आईला न सांगतां त्यांत फेनिलॲलनिन पुन्हां मिसळला. मुलगी थोड्याच वेळांत बिघडली, आणि आईच्या तें तात्काळ लक्षांत आलें. नंतर तोच प्रयोग इस्पितळांत उघडपणें करून त्याचें चित्रीकरण झालें, आणि १९५३ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें वृत्तांत आला. आईपासून लपवून असा प्रयोग करणें आजच्या नियमांत बसणार नाहीं, आणि माझ्या मतें तेव्हांही बसावयास नको होतें. पण त्या वृत्तांतानें जगभरच्या डॉक्टरांची खात्री पटली, हेंही खरें.

शीलाच्या बाबतींतही उशीर झालाच होता. दोन वर्षांत मेंदूचें झालेलें नुकसान पथ्यानें भरून येत नाहीं. पथ्य जन्मानंतर कांहीं दिवसांतच सुरू झालें पाहिजे. हिरव्या रंगाची परीक्षा तर मूल कांहीं आठवड्यांचें होईपर्यंत फसवी ठरते. ही अडचण दूर केली ती अमेरिकेंतील बफेलो शहरच्या रॉबर्ट गथ्री यांनीं. त्यांचा स्वतःचा मुलगा वेगळ्या कारणानें मतिमंद होता, आणि त्यांच्या एका भाचीला हाच रोग निघाला होता. त्यांनीं अर्भकाच्या टांचेंतून रक्ताचा थेंब टीपकागदासारख्या जाड कागदावर घ्यावयाची युक्ति काढली. एक निरुपद्रवी जंतु अशा द्रव्यांत ठेवावयाचा कीं जेथें त्याची वाढ खुंटते. रक्तांत फेनिलॲलनिन अधिक असला कीं त्या थेंबाभोंवतीं जंतु वाढतात आणि एक वलय उमटतें. इतकी स्वस्त परीक्षा कीं गांवोगांवच्या प्रसूतिगृहांतून ते कागद टपालानें पाठवितां येत. १९६३ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यानें ती कायद्यानें सक्तीची केली, आणि मग अनेक देशांनीं तिचा स्वीकार केला.

त्या पिढींतील मुलींचें पथ्य पुष्कळ ठिकाणीं पांच-सहा वर्षांच्या वयांतच सोडून देत असत, कारण मेंदूची नाजूक वाढ तोंपर्यंत झालेली असते अशी तेव्हां समजूत होती. त्या मुली शिकल्या, त्यांचीं लग्नें झालीं, आणि एक नवेंच संकट उभें राहिलें. आईच्या रक्तांतला सांचलेला फेनिलॲलनिन गर्भापर्यंत पोंचतो, आणि मुलाला स्वतःला हा रोग नसला तरी त्याच्या मेंदूला व हृदयाला इजा करतो. उपाय एकच: गर्भ राहण्यापूर्वींच तें बेचव मिश्रण आणि तें कडक पथ्य पुन्हां धरावयाचें. १९८४ सालीं अमेरिकेंत याचा मोठा अभ्यास हातीं घेतला गेला, आणि लहानपणीं पथ्य पाळून वांचलेल्या, पण पुढें दवाखान्यांच्या नजरेआड झालेल्या त्या मुलींना हुडकून काढणें हेंच डॉक्टरांचें एक मोठें काम होऊन बसलें.