काळ्या मातीवरची फरशी

वाशिम जिल्ह्यातल्या घरांची जमीन कशी असावी, हे आधी तिथल्या मातीने ठरवले. सारा मुलूख काळ्या दगडाचा, म्हणजे बेसाल्टचा. त्याच्याच झिजेतून कापसाची काळी माती झाली. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीवर थेट घातलेली कोणतीही जमीन टिकत नाही. म्हणून वऱ्हाडात शेत काळीत आणि वस्ती पांढरीत, अशी जुनी वाटणी होती. काळीत घर उभे करायचेच झाले, तर मुरूम लागेपर्यंत खणायचे, जोते उंच घ्यायचे, त्यात मुरूम भरून पाणी सोडायचे आणि धुम्मसाने ठोकून तो बसवायचा. पुढे वर काहीही अंथरले गेले, तरी ही पहिली पायरी बदललेली नाही.

त्या मुरमावर बारीक माती चोपून भुई केली जाई आणि शेणाने सारवली जाई. सारवणाचा थर पातळ. चालून-वावरून तो झिजे, पोपडे धरी आणि सणवाराला किंवा दर काही दिवसांनी पुन्हा घालावा लागे. हे काम घरातल्या बायकांचे. ओंजळीने शेणकाला पसरून हाताच्या अर्धगोल फेऱ्यांनी तो सारखा करायचा, भिंतीच्या कडेला पांढऱ्या मातीचा पट्टा ओढायचा. कमरेचा काटा ढिला करणारी ही मेहनत कोणत्याही हिशेबात धरली गेली नाही. या भुईचा एक गुण मात्र मोठा होता. खालची माती हलली, भेग पडली, तर पुढच्या सारवणात ती बुजून जाई.

दगडी जमीन देवळांच्या आणि धनिकांच्या वाट्याला आली. वाकाटकांच्या काळी वत्सगुल्म या नावाने राजधानी असलेल्या वाशिमात १७७९ च्या सुमारास भवानी काळू यांनी बालाजीचे मंदिर बांधले. भवानी काळू हे साबाजी भोसल्यांचे दिवाण. वेशींच्या आत वसलेल्या कारंजात व्यापाऱ्यांचे वाडे आणि जैन मंदिरे उभी राहिली. अशा बांधकामात दगड आणि चुना ही गवंडी, पाथरवट, वडार यांची सामग्री. चुन्यासाठी रानातली चुनखड भाजायची, वाळू घालून ती घाणीत मळायची. अडचण होती ती दगडाची. बेसाल्ट कठीण खरा, पण तो थराथराने सुटत नाही. त्याची फरशी करायची म्हणजे एकेक चिरा छिन्नीने घडवायचा. सामान्य शेतकऱ्याला ते परवडणे शक्यच नव्हते, आणि दगडाच्या मुलखात राहूनही बहुतेक घरे मातीचीच राहिली याचे कारण तेच.

भीमेच्या खोऱ्यातला शहाबादचा चुनखडक याच्या नेमका उलट. तो नैसर्गिक थरांत सुटतो आणि पहारीने उकलला तरी सपाट लादी हाती येते. रेल्वेने हा दगड दूरवर नेला. वाशिम १८५३ नंतर इंग्रजांच्या ताब्यातल्या वऱ्हाडात होते. स्वतंत्र जिल्हा म्हणून असलेले त्याचे स्थान १९०५ मध्ये गेले आणि तो भाग अकोल्याला जोडला गेला. पुढच्या दशकात मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंद मार्ग, लोकांच्या तोंडची ‘शकुंतला’, कारंजावरून धावू लागला. तो कापसासाठी होता, पण रूळ आले की जड मालाचीही सोय होते. राखी शहाबादी फरशी पुढे शाळा, कचेऱ्या, दुकाने आणि मग घरांच्या ओसरीपर्यंत पोचली. ती थंड राहते, धुता येते आणि एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते.

सिमेंटने पुढचे पाऊल टाकले. १९२२ मध्ये मुंबईत फेरोझशहा आणि रुस्तम सिधवा यांनी भारत टाइल्सची सुरुवात स्वदेशीच्या भावनेने केली. त्यांच्या नक्षीदार फरश्या भट्टीत भाजल्या जात नसत. रंगीत सिमेंट साच्यात भरून दाबाखाली घट्ट करायचे आणि पाण्यात मुरवायचे. नंतर संगमरवराच्या चिपा घातलेली, घासून गुळगुळीत केलेली मोझॅक फरशी आली आणि पगारदारांच्या घरांची ती खूण बनली. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या एच. अँड आर. जॉन्सनने ठाण्यात चकचकीत टाइल्स काढल्या, पण त्या मुख्यतः न्हाणीघराच्या आणि ओट्यामागच्या भिंतीसाठी होत्या. १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्या सुमारास गुजरातेतल्या मोरबीचा माल महाराष्ट्रभर पसरत होता. दोन फुटी व्हिट्रिफाइड टाइल, गावाकडच्या बोलीत ‘स्टाईल’, हळूहळू खेड्यापर्यंत गेली.

मोठ्या पोर्सेलिन टाइल्स ही या साखळीतली शेवटची कडी. पांढरी माती, फेल्डस्पार आणि गारेची पूड प्रचंड दाबाखाली घट्ट करून ती सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजली जाते. इटलीत या शतकाच्या सुरुवातीला तीन मीटर लांब आणि जेमतेम तीन मिलिमीटर जाड पत्रे निघाले. आपल्याकडे ६०० × १२०० आणि ८०० × १६०० मिलिमीटर ही मापे रुळली; १२०० × २४०० चीही मागणी आहे. नऊ मिलिमीटर जाडीचा हा शेवटचा तुकडा साठ किलोंच्या आसपास भरतो. दोघांनी हाताने धरून तो उचलला, तर मधोमध वाकून तडकतो. त्याला रबरी चूषक लावलेली चौकट लागते.

या मालाने फरशी मिस्त्रीच्या हातची पिढीजात रीत मोडली. जुनी रीत अशी: वाळू-सिमेंटचा ओलसर बेड पसरायचा, वर सिमेंटचे पाणी ओतायचे, भिजवलेली फरशी ठेवून हातोड्याने ठोकत पातळीत आणायची. शहाबादी आणि सिमेंटची फरशी ते पाणी शोषून घेत आणि त्यातूनच चिकटत. पोर्सेलिन टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही, त्यामुळे नुसते सिमेंट तिला धरत नाही. पॉलिमर मिसळलेला, मिस्त्रींच्या भाषेत ‘केमिकल’चा, गिलावा लागतो. भारतीय मानक १५४७७ अशाच मिश्रणांसाठी आहे. टाइलच्या पाठीवर भट्टीची पांढरी भुकटी असते, ती ओल्या फडक्याने आधी पुसावी लागते. जमिनीवर खाचांच्या थापीने एकाच दिशेने रेघा ओढायच्या, पाठीवरही पातळ हात फिरवायचा आणि टाइल रेघांच्या आडव्या दिशेने हलवत दाबायची, म्हणजे आतली हवा निघून जाते. चार कोपऱ्यांत आणि मधे गोळे ठेवून टाइल चिकटवण्याची सवय इथे घातक ठरते. खाली पोकळी राहते, आणि लोखंडी कॉटचा पाय तिथेच आला की टाइल फुटते. भिंतीवर तर हे केवळ नुकसान नाही. डोक्याच्या उंचीवरून सुटलेला पंधरा किलोंचा तुकडा जीव घेऊ शकतो.

विदर्भाच्या उन्हाळ्यात आणखी एक पेच पडतो. पसरलेल्या मिश्रणावर काही मिनिटांतच साय धरते. बोट लावून ते चिकटत नसेल, तर खरवडून नवे घालणेच योग्य. वैशाखात हे काम सकाळी लवकर उरकणारा मिस्त्री खरा जाणकार.

लांब टाइलला भट्टीतून थोडा बाक येतो. विटांसारखी अर्ध्यावर सांधे तोडून लावली, तर एकीचा फुगलेला मध्य दुसरीच्या कडेशी येतो आणि पायाला धार लागते. म्हणून सांधा लांबीच्या एक तृतीयांशाहून जास्त सरकवत नाहीत. क्लिपा आणि पाचरी कडा एका पातळीत धरून ठेवतात, पण खालच्या जमिनीतला खड्डा त्या भरून काढत नाहीत. पोर्सेलिन सारवणासारखे भेग बुजवत नाही आणि शहाबादीसारखे स्वस्तात बदलताही येत नाही. जोत्यातला मुरूम अर्धवट बसला असेल, तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यानंतर खोलीभर एकच सरळ तडा जातो. चांगले काम करणारे म्हणून आधी मुरमाची भर मुरू देतात, वर काँक्रीट घालतात, ते वाळू देतात आणि लांब सरळ पट्टी फिरवून उंचसखल जागा शोधतात.

बिनसांध्याची फरशी हा ग्राहकांचा आग्रह असतो, पण किमान दोन मिलिमीटरची फट ठेवावीच लागते. उन्हात तापणाऱ्या सहा मीटरच्या पट्ट्यात तीस अंशांच्या फरकाने टाइल्स मिळून मिलिमीटरभर वाढतात. भिंतीच्या बुडाशीही चारी बाजूंनी अशीच फट सोडतात. ती सिमेंटने न भरता लवचीक मसाल्याने बुजवतात आणि वरून पट्टीची टाइल लावून झाकतात.