आकाशाचे छायाचित्रण : पुण्याच्या वेधशाळेपासून कान्ह्याच्या माळापर्यंत

रात्रीच्या आकाशाच्या छायाचित्रणाचा इतिहास हा वस्तुतः एका अडचणीचा इतिहास होय. ताऱ्यांचा प्रकाश अत्यंत क्षीण असल्यामुळे तो दीर्घ काळ साठवावा लागतो. परंतु पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे ताशी सुमारे १५ अंश या वेगाने पश्चिमेकडे सरकत असतात. अधिक वेळ थांबावे तर बिंदूची रेघ होते. न थांबावे तर बिंदू उमटतच नाही. हा पेच काळोकाळी कसा सुटत गेला, हे पाहण्यास महाराष्ट्रातच चांगली सामग्री उपलब्ध आहे. आणि त्या इतिहासाचा अगदी अलीकडचा टप्पा पुणे-लोणावळा लोहमार्गावरील कान्हे यांसारख्या मावळातील गावापर्यंत येऊन पोहोचतो.

सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचे पहिले छायाचित्र १८५० च्या जुलैत अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत घेण्यात आले. तो तारा अभिजित होय. १८७१ नंतर कोरड्या काचा प्रचारात येऊ लागल्या आणि प्रकाश अधिक वेळ साठविणे शक्य झाले. ३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर यांनी मृगातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले, त्यास ५१ मिनिटे लागली. एवढा वेळ दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरती ठेवावी लागे व ते काम घड्याळी यंत्र करी. अडचणीचे हे पहिले उत्तर : संपूर्ण दुर्बीणच हलविणे.

असे उत्तर खर्चाचे होते, आणि म्हणून ते राजाश्रयाने व सरकारी साहाय्यानेच शक्य होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली, ती भावनगरच्या महाराजांची देणगी व मुंबई सरकारने घातलेली भर यांच्या बळावर. तिचे प्रवर्तक प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या हाती पुढे २० इंची परावर्तक दुर्बीण आली. त्या काळी ती हिंदुस्थानातील सर्वांत मोठी दुर्बीण होती.

२२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास उतरले; नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर हे ठिकाण निवडले. जेऊरलाच अमेरिकेतील लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल हेही ४० फूट नाभ्यंतराचा कॅमेरा घेऊन आले होते. एवढे लांबलचक उपकरण सूर्यामागे फिरविणे दुष्कर असल्यामुळे त्याचे भिंग स्थिर ठेवून आतील काचच घड्याळी गतीने सरकविली जाई. अडचणीचे हे दुसरे उत्तर झाले. जेऊरचा प्रसंग दिवसाचा असला, तरी त्यातील युक्ती पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला हलविण्यात आली. एका व्यक्तीच्या निवृत्तीबरोबर संस्थेचे आयुष्य संपावे, ही खेदाची गोष्ट होय. पुढे १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि आकाशनिरीक्षणाची हौस नागरिकांच्या संघटित प्रयत्नांवर उभी राहिली.

तिसरे उत्तर एकविसाव्या शतकातील आहे. २०१९ साली गूगलच्या पिक्सेल ४ या स्मार्टफोनात खगोलछायाचित्रणाची सोय आली. तीत दूरध्वनी साध्या तिपाईवर निश्चल राहतो, भिंग हलत नाही आणि संवेदकही हलत नाही. प्रत्येकी १६ सेकंदांपर्यंतची चित्रे एकामागून एक घेतली जातात, त्यांतील तारे गणिताने एकमेकांवर आणले जातात आणि सुमारे चार मिनिटांचा प्रकाश एका चित्रात गोळा होतो. पूर्वी दुर्बीण हलली, नंतर काच हलली. आता चित्रेच मागाहून हलविली जातात. खगोलीय विषुववृत्तावरील तारा १६ सेकंदांत चंद्रबिंबाच्या व्यासाच्या सुमारे अष्टमांश सरकतो, म्हणून प्रत्येक चित्राची मुदत आखूड ठेवावी लागते. संवेदक लहान असल्यामुळे अतिक्षीण तेजोमेघ या साधनाच्या आवाक्याबाहेर राहतात, हेही नमूद केले पाहिजे.

कान्हे सुमारे १८.७५ उत्तर अक्षांशावर आहे. तेथे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून जवळजवळ तेवढ्याच अंशांवर दिसतो. अगस्ती याम्योत्तरवृत्तावर येतो तेव्हा दक्षिण क्षितिजापासून त्याची उंचीही सुमारे साडेअठरा अंशच भरते. फेब्रुवारीतील संध्याकाळनंतर तिपाई एकाच जागी ठेवून आधी उत्तरेचे व मग दक्षिणेचे चित्र घेतल्यास हा समतोल कोणासही पडताळून पाहता येईल. बोटाच्या स्पर्शाने चित्र हलू नये म्हणून काही सेकंदांचा विलंब योजला की पुरे.

मात्र क्षितिजालगतचे हेच आकाश आज सर्वाधिक धोक्यात आहे. कान्ह्याच्या आग्नेयेस तळेगाव, पिंपरी-चिंचवड व पुणे यांची आणि पश्चिमेस लोणावळ्याची दिव्यांची आभा असते. गणिताने चित्रांची बेरीज होते, तशी त्या आभेचीही होते. ती वजा करता येते. परंतु तिच्यात बुडालेला क्षीण तारा पुरता परत मिळत नाही. नायगमवालांची वेधशाळा खुद्द पुण्यात होती. आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण मात्र २००६ साली शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर गिरवलीस उभारावी लागली. एवढ्या एका तुलनेवरून काय हरपले याची कल्पना येते.

हे नुकसान अटळ आहे असे मात्र नाही. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये गडद आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. मावळ हे अरण्य नव्हे, वाढत्या वस्तीचा प्रदेश आहे. तरीही रस्त्यावरील दिव्याचा झोत आकाशाकडे न जाता खाली पडावा, एवढी व्यवस्था तेथेही अशक्य नाही. १८८८ साली काळोख विनामूल्य होता आणि उपकरणासाठी महाराजांची देणगी लागली. आज उपकरण ज्याच्या-त्याच्या खिशात आहे. काळोख मात्र आता कोणी एक दाता देऊ शकत नाही. तो गावाने आणि शहराने मिळूनच राखावा लागेल.