कॉमिक्सची कच्ची रेघ आपल्या शेजारची

कॉमिक्स म्हटलं की मुंबई-पुणं आठवतं, नाहीतर थेट अमेरिका. आज जरा लातूरच्या शेजारी जाऊ. बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण म्हणजे जुनी कल्याणी, चालुक्यांची राजधानी. तिथला राजा सोमेश्वर तिसरा. १२व्या शतकातला त्याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ चित्र काढायची रीत क्रमाने सांगतो. काजळ आणि शिजलेला भात घोटून कांडी करायची, तिने कच्ची आकृती काढायची, मग रंग भरायचे. कुंचले वासराच्या कानाच्या केसांचे: जाड, मध्यम, बारीक. आज कॉमिक्सवाले आधी पेन्सिल, मग शाई आणि रंग करतात, तो क्रम फार वेगळा नाही.

आणि गंमत म्हणजे, चित्रं दाखवत गोष्ट सांगणारा 'चित्रकथक'ही या ग्रंथात भेटतो. पुढे पिंगुळीच्या चित्रकथींनी हेच केलं. सुट्या चित्रांची पोथी, एकेक चित्र समोर धरायचं, गात गोष्ट पुढे न्यायची. कुठला प्रसंग चित्रात आणि कुठला गाण्यात, हे आधीच ठरलेलं. कॉमिक्सचं प्लॅनिंग म्हणजे दुसरं काय?

आपल्या मराठवाड्यातल्या पैठण शैलीची चित्रं आज पुण्याच्या केळकर संग्रहालयात आहेत. पण त्यांच्यासोबतचं गाणं भिंतीवर टांगता येत नाही. म्हणून नांदेड-लातूरकडे कुणी कॉमिक्स काढणार असेल, तर त्याने आधी आजीची गोष्ट तिच्याच बोलीत लिहून घ्यावी. चौकटी नंतर पाडता येतील.