आजोबांचं खिशातलं पिस्तूल देऊन नवं हत्यार घ्यावं का?

कपाटाच्या आतल्या खणात कापडात गुंडाळलेलं तळहाताएवढं पिस्तूल. त्यावर बेल्जियमच्या नाहीतर बर्मिंगहॅमच्या कारखान्याचं नाव. घेतलं आजोबांनी, परवाना आता वडिलांच्या नावावर. आणि नूतनीकरण जवळ आलं की घरात तीच चर्चा: हे देऊन टाकायचं आणि नवं घ्यायचं का?

कोल्हापूर जिल्ह्यात अशी घरं आहेत. इथे शिकारीची परंपरा जुनी. न्यू पॅलेसमधलं छत्रपती शहाजी संग्रहालय बघितलं असेल तर तिथली शस्त्रं आठवत असतीलच. पण मोबाईल एक्सचेंज करतो तसा हा व्यवहार नाही. एकदा दिलं की तेच पिस्तूल परत मिळणं जवळपास अशक्य. म्हणून आधी हातात नेमकं काय आहे ते बघू.

खिशातलं पिस्तूल म्हणजे बहुतेक वेळा ०.२५ बोअरचं. बेल्जियमच्या एफएन कंपनीने ते १९०६ मध्ये बाजारात आणलं, रचना जॉन ब्राउनिंग यांची. त्याच सुमारास ब्रिटनच्या वेब्ली अँड स्कॉटनेही तसंच छोटं पिस्तूल काढलं. नळी जेमतेम दोन इंच, वजन अर्ध्या किलोच्या खूप आत. कोटाच्या खिशात मावावं हाच हेतू. त्यामुळे काडतूसही लहान आणि जोरही कमी.

मग याला भाव कसा येतो? कारण आयात बंद आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी पिस्तूल मागवता येत नाही. देशात जी आधी आली, तीच हातोहात फिरतायत. म्हणून वॉल्थरसारख्या नावाच्या ०.३२ बोअरच्या जुन्या पिस्तुलाला लाखांत किंमत मिळते. इथे अनेकांची गल्लत होते. तो भाव बघून घरच्या ०.२५ बोअरलाही तेवढेच मिळतील असं वाटतं. तसं नसतं. ०.२५ ला त्या मानाने मागणी बरीच कमी, कारण काडतूस सहज मिळत नाही.

(नेमबाजांना आयातीचा वेगळा मार्ग आहे. राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये रायफलीत कांस्य. पण ती सवलत खेळासाठी, आणि नामांकित खेळाडूंनाच. आपल्या कपाटाशी तिचा संबंध नाही.)

काडतुसाचा प्रश्न सगळ्यात मोठा

०.३२ ची काडतुसं आपल्याकडे बनतात. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘केएफ’ ही अक्षरं त्यांच्या बुडावर असतात, गुन्ह्यांच्या बातम्यांत ती वाचलीही असतील. ०.२५ चं तसं नाही. अनेक घरांत वीस-तीस वर्षांपूर्वीची अर्धी डबी उरलेली असते आणि ती पेटेल की नाही याची खात्री कुणालाच नसते. ज्याची गोळी मिळत नाही आणि जे वर्षानुवर्षं चालवलेलं नाही, त्याला स्वसंरक्षणाचं साधन म्हणणं माझ्या मते स्वतःची फसवणूक आहे.

दुसरा प्रश्न स्प्रिंगचा. शंभरीकडे झुकलेल्या पिस्तुलाची स्प्रिंग, फायरिंग पिन झिजते, मूळ सुटे भाग मिळत नाहीत. इथे कोल्हापूरकराच्या डोक्यात लगेच येतं, उद्यमनगरात काय बनत नाही? बनेलही. पण शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो. ओळखीच्या लेथवाल्याकडे पिस्तूल नेलंत तर तोही अडकेल आणि तुम्हीही.

नव्यात काय मिळतं?

९ मिमी विसरा, ते निषिद्ध बोअरमध्ये येतं. सामान्य परवान्यावर मिळणारी नवी हत्यारं प्रामुख्याने ०.३२ ची आहेत. सरकारी कारखान्यांचं ‘अशनी’ पिस्तूल आहे. २०१४ मध्ये कानपूरहून ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आलं, वजन सुमारे ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ आलं. ते सुमारे ७०० ग्रॅमचं, त्याचं गोळ्यांचं चक्र बाजूला उघडतं आणि पल्ला ५० मीटरपर्यंत सांगितला जातो. गंमत म्हणजे वेब्लीचं नाव पुन्हा आलंय. उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात संडीला इथे त्या नावाने ०.३२ रिव्हॉल्व्हर बनू लागलं.

एक गोष्ट दुकानात जाण्याआधी लक्षात ठेवा. ०.३२ पिस्तूल आणि ०.३२ रिव्हॉल्व्हर यांची काडतुसं वेगळी असतात. आकडा सारखा, पण पिस्तुलाच्या काडतुसाची पुंगळी सुमारे १७ मिमी लांब आणि रिव्हॉल्व्हरची सुमारे २३. आणि ‘नवं’ म्हणजे सगळंच आधुनिक असंही नाही. पिस्तुलाचं हे ०.३२ काडतूस १८९९ सालचं आहे, म्हणजे ०.२५ पेक्षाही जुनं!

कायद्याचं गणित

२०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालायच्या. वारशाने आलेलं हत्यारही या दोनात धरलं जातं. म्हणजे शेतघरात बारा बोअरची बंदूक आणि आजोबांचं पिस्तूल असेल तर जागा संपली. नवं हवं तर काहीतरी सोडावंच लागेल. पण एकच हत्यार असेल, तर जुनं ठेवून दुसऱ्यासाठी अर्ज करता येतो. मंजुरी मिळेलच असं नाही, तो अधिकार परवाना देणाऱ्याचा. आपल्या जिल्ह्यात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि अहवाल पोलिसांचा.

परवाना अजून आजोबांच्याच नावावर असेल तर अदलाबदलीचा विचार नंतर करा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर हयातीतच ते वारसाच्या नावावर करता येतं. त्यालाही परवान्यासाठी अर्ज करावाच लागतो. आजोबा वारले असतील आणि पिस्तूल नुसतंच कपाटात असेल, तर ती विनापरवाना बाळगणूक ठरू शकते. शिक्षा दोन ते पाच वर्षं. अशा वेळी आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, मग कागद करायचे.

मग बदलायचं की नाही? मला विचाराल तर असं. जिवाला खरोखर धोका आहे, सरावाला वेळ काढणार आहात आणि ०.२५ ची काडतुसं संपली आहेत, तर बदला. ज्या पिस्तुलाची गोळी मिळत नाही त्याच्या भरवशावर बसू नका. नुसती आठवण म्हणून ठेवायचं असेल आणि दोनातली जागा मोकळी असेल, तर ठेवा. कारण विकून येणारे पैसे अपेक्षेपेक्षा कमी असतील आणि ते पिस्तूल परत येणार नाही. आणि रील बनवायला नवं हवं असेल तर अजिबात नको. कायद्याने हत्यार मिरवता येत नाही, आणि लग्नात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. राधानगरी-आजऱ्याकडे गवा, हत्ती येतात म्हणून पिस्तूल बदलायचंय असंही कुणी म्हणेल. त्यांच्यापुढे ०.३२ चा काही उपयोग नाही आणि दोन्ही प्राणी संरक्षित आहेत.

बदलायचं ठरलंच तर आधी परवान्यावर बोअर आणि प्रकार काय लिहिलाय ते वाचा. ‘पिस्तूल ०.२५’ असं असेल तर ०.३२ साठी नोंद बदलून घ्यावी लागेल. ती होईपर्यंत आगाऊ पैसे देऊ नका. जुनं हत्यार दुकानदाराऐवजी दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं असेल तर त्याचं नाव-पत्ता जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि किमान ४५ दिवस थांबायचं. त्या अर्जाची पोच जपून ठेवा. आणि तुमच्या परवान्यावरून जुन्या पिस्तुलाची नोंद कमी झाल्याशिवाय व्यवहार संपला असं समजू नका. तोपर्यंत कागदावर ते तुमच्याच नावावर असतं.